चार चाकं आणि एक पाणंद

मुलांनो, तुळजापूरला कसं जायचं, असं कुणालाही विचारा. लगेच उत्तर मिळेल. सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटर, धाराशिवहून वीस-बावीस. एस.टी.त बसायचं, घाट चढायचा, की आलंच देवीचं गाव! तुमच्यापैकी कितीतरी जण आई-बाबांबरोबर येऊन गेलेही असतील. कल्लोळ तीर्थात हातपाय धुतले, गोमुखाखाली ओंजळ धरली, दर्शन घेतलं, कुंकू आणि बांगड्या घेतल्या आणि परतीच्या गाडीत बसलात. हो की नाही?

पण तुळजापूर म्हणजे फक्त देऊळ आणि बाजार नव्हे, बरं का! हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेच्या अगदी काठावर बसलेलं आहे. गावाबाहेर पाऊल टाकलं की माळरान सुरू होतं. मुरमाड टेकाडं, काळ्या मातीची शेतं, बाभळी, बोरी, लिंब आणि मधूनमधून कोरडे किंवा वाहते ओढे. या सगळ्यांतून जातात त्या कच्च्या वाटा. आमच्याकडे त्यांना पाणंद म्हणतात. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा तो शिवरस्ता आणि शेतांच्या मधून जाणारी ती पाणंद. आज मी तुम्हांला डांबरी रस्ता सोडून अशाच एका पाणंदीनं नेणार आहे. तेही जीपमध्ये बसवून! पण तिथं जीप पळवायची नाही, चालवायची. हा फरक काय, ते पुढं कळेलच.

वाट दाखवणारी देवी

तुळजापूरच्या घाटात घाटशीळ नावाचं ठिकाण आहे. तिथली गोष्ट घरोघरी सांगतात. सीतेला शोधत राम-लक्ष्मण या डोंगरात आले. पुढं कुठं जावं, कळेना. तेव्हा देवीनं एका शिळेवर उभं राहून रामाला लंकेची वाट दाखवली. म्हणून तिला रामवरदायिनी असंही म्हणतात. गोष्ट पुराणातली, पण मला ती आवडते, कारण आमच्या गावाची देवी वाटसरूला वाट दाखवणारी आहे!

आणि वाटसरू तरी किती! नवरात्रात आणि कोजागरीला लाखो माणसं सोलापूरहून पायी येतात. सोलापूर-तुळजापूर रस्ता त्या दिवसांत चालणाऱ्यांचाच होऊन जातो. देवीच्या सीमोल्लंघनाची पालखी येते ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. म्हणजे डांबर यायच्या कितीतरी आधीपासून इथं माणसं, बैलगाड्या, घोडी यांच्या पायांनी आणि चाकांनी वाटा पडलेल्या आहेत.

दुसरा दांडा

आता जीपकडं वळू. माझ्या धाकट्या भावानं एक जुनी जीप घेतली. चारही चाकांना ताकद देणारी. त्याला ती शिकायची होती. शिकवायला आले आमच्या गल्लीतले गॅरेजवाले काका. सोबतीला मी आणि माझी चौथीतली भाची. दिवस डिसेंबरचा. हा महिना मुद्दाम निवडलेला. पावसाळा संपून जमीन वाळलेली असते, ऊन कडक नसतं आणि ओढ्यांना पाणी बेताचं असतं.

जीप ही वस्तू मुळात लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ती १९४१ सालापासून हजारोंनी बनवली गेली. चिखल, वाळू, डोंगर, कुठंही जाईल अशी छोटी, हलकी, दणकट गाडी हवी होती. भारत स्वतंत्र झाला त्या सुमारास महिंद्र कंपनीनं मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. पुढं ती गावोगावच्या अधिकाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या आणि वडापवाल्यांच्या हाती गेली. आजची ‘थार’ ही तिचीच नात म्हणा ना!

जीपमध्ये बसल्या बसल्या भाचीनं विचारलं, “काका, हिला गिअरचे दांडे दोन कसे?”

काका म्हणाले, “पहिला दांडा नेहमीचा. दुसरा दांडा ओढला की पुढची चाकंही कामाला लागतात.”

साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन नुसती फरफटत येतात. डांबरावर तेवढं पुरतं. पण घसरड्या मुरमावर ती दोन चाकं जागच्या जागी फिरू लागली की गाडी अडली! शेतात बघा, हलक्या रानात एक बैलजोडी पुरते. पण जमीन कठीण असली की जुन्या काळी नांगराला दोन-दोन, तीन-तीन जोड्या जुंपत. तसंच हे. चारही चाकं जुंपायची.

दुसऱ्या दांड्याची आणखी एक जागा असते. तिथं टाकला की गाडी अगदी हळू चालते. पण तिचा जोर कितीतरी वाढतो. गिअरची सायकल चढावर कशी चालते, आठवा. पाय भराभर मारावे लागतात, सायकल मात्र मुंगीच्या चालीनं पण न थांबता चढते. कच्च्या वाटेचं सगळं गुपित या एका दांड्यात आहे. तिथं वेग कामाचा नाही, जोर कामाचा.

मात्र हा दांडा ओढून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी पळवायची नाही. का? शाळेतली कवायत आठवा. चौघांची रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं. गाडी वळतानाही प्रत्येक चाक वेगवेगळं अंतर कापतं. अशा जुन्या जीपमध्ये हा दांडा ओढला की पुढची आणि मागची चाकं जणू एकमेकांना बांधली जातात. माती-मुरमावर चाक थोडं घसरून वाट काढतं. डांबर घसरू देत नाही. मग आतल्या दातऱ्या चाकांवर ताण येतो.

चढ, उतार आणि हवेतलं चाक

नळदुर्ग रस्त्यानं थोडं पुढं गेलो आणि एका पाणंदीत वळलो. दोन्ही बाजूंना कमरेएवढी ज्वारी. पलीकडं तूर वाळायला आलेली. काकांनी गाडी थांबवली आणि आम्हां सगळ्यांना खाली उतरवलं.

“आधी पायांनी वाट बघायची, मग चाकांनी.” हा त्यांचा पहिला नियम.

समोर मुरमाचा चढ होता. चालत गेलो. कुठं दगड वर आलाय, कुठं पाण्यानं घळ पडलीय, पलीकडं उतार कसा आहे, सगळं पाहिलं. चढाच्या टोकावर गाडीचं तोंड आभाळाकडं असतं, चालवणाऱ्याला पुढचं काहीच दिसत नाही. म्हणून आधी बघून ठेवायचं.

भावानं दुसरा दांडा ओढला. “अंगठे बाहेर ठेव,” काका म्हणाले. हे काय? तर स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत. पुढचं चाक दगडावर आपटलं तर स्टिअरिंग गर्रकन उलटं फिरतं आणि अंगठा दुखावतो. मुठी पकडायच्या, पण अंगठे कडेला. मुरमावर गाडी सरळ चढवायची आणि सरळ उतरवायची. तिरपी घातली तर कलंडायची भीती. उतरताना क्लच दाबायचा नाही, ब्रेकवर उभं राहायचं नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक दाबून चाकं रोखली की ती मुरमावरून घसरत जातात आणि घसरणारं चाक कुणाचं ऐकत नाही!

चढ पार झाला. पुढं एक घळ आडवी आली. तिथं गंमतच झाली. जीपचं पुढचं एक चाक आणि मागचं विरुद्ध बाजूचं एक चाक हवेत! दोन्ही गरागरा फिरताहेत आणि जमिनीवरची दोन चाकं गप्प उभी! भाची टाळ्या पिटायला लागली. भाऊ मात्र घामाघूम.

असं का होतं? वळताना चाकांना वेगवेगळं फिरता यावं, म्हणून मागं आणि पुढं, दोन्ही आसांवर दातऱ्या चाकांची एक रचना असते. तिला डिफरन्शिअल म्हणतात. एरवी फार गुणी. पण एक चाक हवेत गेलं की फसते. ज्या चाकाला फिरायला सोपं, तिकडंच सगळं फिरणं जातं! वर्गात एकच मुलगा भराभर उत्तरं देत राहिला की बाकीचे गप्प बसतात ना, तस्सं! काकांनी अ‍ॅक्सिलरेटर वाढवू दिला नाही. घळीत, हवेतल्या चाकाखाली दोन चपटे दगड ठेवले. चाक टेकलं. गाडी हळूच बाहेर आली.

पुढच्या ओढ्यापाशीही तोच नियम. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, हातात काठी घेतली आणि आरपार चालत जाऊन आले. पाणी पोटरीएवढं, तळ दगडगोट्यांचा, प्रवाह संथ. मग दांडा खाली, पहिला गिअर, एकसारखी चाल, मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. पलीकडं गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हळूच दाबून पाहायचे, कारण ओले ब्रेक नीट धरत नाहीत. आणि पावसाळ्यात ओढा गढूळ, जोरात वाहत असेल तर? तर कुठलीही जीप असो, मागं फिरायचं. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी माणसाला पाडतं आणि थोडं वाढलं की गाडीसुद्धा उचलतं. पुलावरून पाणी जात असताना ‘निघेल की!’ म्हणून घातलेल्या गाड्यांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

“आमाला रोजच यावं लागतंय”

ओढ्यापलीकडं मुरूम संपला आणि काळी माती लागली. आपला हा सगळा प्रदेश साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो थिजून काळा कातळ झाला. कातळाची झीज होऊन मुरूम आणि मग ही काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. कपाशीला, ज्वारीला उत्तम, पण चाकाला? विचारू नका! पावसाळ्यात पाय टाकला तर चप्पल आत राहते आणि पाय वर येतो.

तिथं वाटेच्या मधोमध दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. शेजारच्या हरभऱ्याला पाणी दिलं होतं, ते चाकोरीत उतरून चिखल झाला होता. भावाचे डोळे चमकले. “काका, इथं बघू या का जोर लावून?”

काकांनी मान हलवली. तेवढ्यात बांधावरून एक आजोबा आले.

“कुटं निघालाव?” त्यांनी विचारलं.

“गाडी शिकतोय, आजोबा. इथून जाऊ का?”

“जावा की. वाट हाय ती. पर एक सांगतो. तुमी हौसंनं आलाव. आमाला रोजच यावं लागतंय.”

मग ते सांगू लागले. जुलैत कुणाची तरी जड गाडी इथून गेली. चिखलात रुतली, जोर करकरून निघाली. तिच्या चाकांनी या चाकोऱ्या पडल्या. त्या दिवसापासून दूधवाल्याची मोटरसायकल इथवर येईना. वस्तीवरच्या एका बाईला दवाखान्यात न्यायचं होतं, तर चौघांनी बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. “आन् पोरं तर दोन म्हयनं साळंतच गेली न्हाईत,” आजोबा म्हणाले.

मुलांनो, हे वाक्य ऐकलं आणि मी गप्पच झाले. मी शाळेत शिकवते. हजेरी घेताना पावसाळ्यात वस्तीवरच्या मुलांच्या नावापुढं गैरहजेरीची खूण सारखी करावी लागते. दप्तर डोक्यावर घेऊन, चिखलातून दोन किलोमीटर चालत येणारी मुलं मी पाहिली आहेत. वर्गात आली की आधी हंड्यातल्या पाण्यानं पाय धुतात, मग पाटी काढतात. आपल्याला जी वाट एका दिवसाची मौज, ती त्यांची शाळेची वाट. शंभर मीटरचा चिखल आणि एका मुलाचा अर्धा सत्र बुडतो!

काका म्हणाले, “चला, उतरा सगळे.”

बांधाच्या कडेला शेतातून वेचलेल्या दगडांचा ढीग होता. आजोबांना विचारून आम्ही दगड उचलायला लागलो. मोठे दगड खाली, बारके वर, त्यावर ओढ्याकाठचा मुरूम. भाची पाटीनं मुरूम आणत होती. आजोबांनी फावड्यानं एक छोटी चर काढून पाणी बाजूला वळवलं. खरं तर तेच सगळ्यांत महत्त्वाचं काम. रस्ता मोडतो तो चाकानं कमी आणि साचलेल्या पाण्यानं जास्त. पाण्याला वाट दिली की आपली वाट टिकते. पाऊण तासानं दोन्ही चाकोऱ्या भरल्या. मग जीप त्यावरून गेली, आणि ती जाताना दगड दबून आणखी घट्ट बसले.

“आता कसं!” आजोबा म्हणाले आणि त्यांनी भाचीच्या ओंजळीत हरभऱ्याची डहाळी ठेवली.

पाणंद कुणाची, असं भाचीनं परत गाडीत बसल्यावर विचारलं. प्रश्न साधा नाही. आपल्या प्रत्येक गावाचा नकाशा असतो. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषांनी दाखवतात. तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते; समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या निघतील एवढी. पाऊलवाट एकेरी तुटक रेषेची, सव्वाआठ फुटांची. पण प्रत्यक्षात? दर वर्षी नांगर वीतभर पुढं सरकतो, बांध सरकतो आणि वीस फुटांची पाणंद सहा फुटांची होते. मग भांडणं. शेतात जायला बांधावरून वाट हवी असेल तर ती देण्याचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ नं तहसीलदारांना दिला आहे. आणि २०२१ साली राज्य सरकारनं पाणंदी पक्क्या करण्यासाठी मातोश्रींच्या नावानं एक योजनाही काढली. पण नकाशातली तुटक रेषा जमिनीवर आणायची, तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांनीच एकमेकांना जागा सोडावी लागते.

नळदुर्गला

दुपारी पुन्हा डांबरी रस्त्याला लागलो. दुसरा दांडा पूर्वीच्या जागी गेला आणि आम्ही नळदुर्गला पोचलो. तुळजापूरहून हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर. बोरी नदीनं वेढलेला हा भुईकोट किल्ला. आदिलशाहीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नदीवर दगडी बांध घातला आणि बांधाच्या पोटात महाल बांधला, पाणी महाल! पावसाळ्यात बांधावरून दोन धबधबे कोसळतात. त्यांना नर आणि मादी म्हणतात. डोक्यावरून पाणी कोसळतंय आणि आपण आत खिडकीशी उभे! आम्ही गेलो तेव्हा धबधबे नव्हते. पण ते दगडकाम पाहूनच थक्क झालो.

इथंच काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तेव्हा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सोलापूर भारतात. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय सैन्य सोलापूरहून निघालं. पहिलं महत्त्वाचं ठिकाण कुठलं? बोरी नदीवरचा नळदुर्गजवळचा पूल! तो शत्रूनं उडवण्याआधी ताब्यात घ्यायचा होता. सैन्यानं झडप घालून तो शाबूत मिळवला आणि मागून रणगाडे पुढं सरकले. तुळजापूरलाही त्याच दिवशी चकमक झाली. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. म्हणून तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. एक पूल, एक वाट, तिची किंमत केवढी मोठी असू शकते, पाहा!

तुम्हांला जायचं असेल तर

आई-बाबांनो, हे जरा तुमच्यासाठी. अठरा वर्षं पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत मुलांच्या हाती मोटार द्यायची नाही. मग माळ कितीही मोकळा असो. अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या सुधारणेप्रमाणे पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांनी वाट बघायची, दगड ठेवायचे, बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहायचं. ही कामं काय कमी गमतीची आहेत?

एकट्या गाडीनं जाऊ नका. दुसरी गाडी किंवा निदान वाटेचा माहीतगार हवा. दोरखंड, फावडं, पुरेसं पाणी आणि हवेनं भरलेलं जादा चाक बरोबर ठेवा. शेतमालकाला विचारल्याशिवाय पाणंद सोडून शेतात किंवा बांधावर चाक घालू नका. बाभळीची फांदी आडवी लावून कुणी वाट बंद केलेली असेल, तर गेल्यावर ती जशी होती तशी पुन्हा लावा. नाहीतर गुरं पिकात शिरतात. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत अजिबात जाऊ नका.

आणि माळरानावर तर वाट सोडूच नका. ‘नुसतं गवत तर आहे!’ असं म्हणू नका. माळटिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालते. खड्यांसारखीच दिसतात ती. चाकाखाली गेली तर कळतसुद्धा नाही. तुळजापूरपासून फार लांब नसलेल्या, सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. तोही जमिनीवरच अंडी घालणारा. गवताळ माळ कमी होत गेले आणि आता माळढोक दिसणं फार फार दुर्मीळ झालंय.

मुलांनो, तुमच्याकडं जीप नसेल. नसू दे! एक काम मात्र नक्की करा. तलाठ्यांच्या कार्यालयात तुमच्या गावाचा नकाशा असतो. मोठ्यांबरोबर जाऊन तो पाहा. त्यात दुहेरी तुटक रेषा शोधा. मग सुट्टीच्या दिवशी त्या रेषेवरून पायी चालत जा. ती कुठं अरुंद झालीय, कुठं पाणी साचतं, तिच्यावरून शाळेला कोण येतं, हे वहीत लिहा. जून उजाडायच्या आत एखादा खड्डा चार दगडांनी भरता आला, तर बघा. पहिल्या पावसात त्या वाटेनं कुणीतरी पाय न रुतता शाळेत येईल, आणि त्या दिवशी कुठल्यातरी बाई हजेरी घेताना त्याच्या नावापुढं ‘हजर’ लिहितील.